मास्तरांचा पुठ्ठ्याचा फोन

माझे भावजी मूर्ख नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून तुमचा तसा समज होईल, आणि तेव्हा तो खोडून काढायला मी काही धावत येणार नाही.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाकी जग त्यांना मास्तर म्हणतं. गणवेश शिवायच्या कारखान्यात ते कटिंग मास्तर आहेत. कापडाचे थर एकावर एक रचायचे, त्यावर पुठ्ठ्याचे फर्मे ठेवायचे, खडूने कडा आखायच्या आणि मशीन फिरवलं की ढीगभर बाह्या एका दमात सुट्या. या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. कॉलर सुताभर इकडेतिकडे झाली तर यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. दारात कुणी उभं राहिलं तर आधी त्याच्या शर्टाचे खांदे बघतात, मग तोंड. ही नजर लक्षात ठेवा, कारण मला सगळ्यात जास्त राग तिचाच आहे.

ताई घरी बसून काज-बटणं करते. घरात दोघंच. तिचे कान चाळिशीनंतर जायला लागले. आधी दाराची बेल गेली, मग नळ उघडा राहिला तरी कळेना, मग माणसं गेली. चारचौघांत बसली की बाकीचे हसले म्हणून ही हसायची, जराशी उशिरा. मला ते बघवायचं नाही. कानाच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की यंत्र लावा आणि लवकर लावा. कान फार दिवस गप्प राहिले तर शब्द ओळखायची सवय मोडते. ताई तयार होती. नकार दिला तो भावजींनी.

"कानात बोंडं घालून फिरायचं का तिने? त्यापेक्षा भारी गोष्ट येतेय."

भारी गोष्ट म्हणजे एक फोन. चार पोरांनी मिळून एक कंपनी काढली होती. समोरचा माणूस जे बोलेल ते त्यांचा फोन मोठ्या अक्षरांत पडद्यावर लिहून दाखवणार होता, तेही आपल्या भाषेत, इंटरनेट नसलं तरी. पैसे आगाऊ, फोन सहा महिन्यांत घरपोच. भावजींनी त्याच दिवशी नाव नोंदवलं. हेतू चांगला होता, हे मी मान्य करते. चांगल्या हेतूने माणूस इतकी वर्षं फुकट घालवू शकतो, हे मात्र मला तेव्हा माहीत नव्हतं.

सहा महिने गेले. फोनऐवजी कंपनीचा मेल आला. सुरुवातच 'प्रिय सहप्रवासी' अशी. मला तिथेच शंका आली. ज्याला वस्तू द्यायची असते तो गिऱ्हाइकाला गिऱ्हाईकच म्हणतो. मेलमध्ये लिहिलं होतं की फोन तयार आहे, फक्त पडदा बदलायचं ठरलंय. पुढच्या मेलपर्यंत पडदा झाला होता, बॅटरी राहिली होती. बॅटरी मिळाली तर पडदेवाल्यांनी हात वर केले. मग चौघांपैकी एकजण 'स्वतःचा शोध घ्यायला' कंपनी सोडून गेला, त्याला शुभेच्छा देणारा मेल आला. भावजींनी उलट टपाली स्वतःच्याही शुभेच्छा कळवल्या.

"भावजी, तो तुमचे पैसे घेऊन स्वतःला शोधायला गेलाय, आणि तुम्ही त्याला हात हलवून निरोप देताय?"

"तुला नाही कळायचं. नवीन काही उभं करायचं तर वेळ लागतो."

"आणि तोवर ताईने काय करायचं?"

"अगं, फोन येतोय ना."

हे त्यांचं पालुपद होऊन बसलं. सुरुवातीला ते ताईच्या समोर बसून, सावकाश, तोंड नीट उघडून बोलायचे. मग कंटाळले. ताईने काही विचारलं की हातानेच 'नंतर, नंतर' करायचे. फोन आला की निवांत बोलू. कारखान्यातली भांडणं, शेजाऱ्यांच्या भानगडी, जिना चढताना त्यांच्या स्वतःच्या छातीत होणारी धडधड, सगळं फोन येईपर्यंत बासनात. ताई विचारून विचारून दमली. दोन माणसांच्या घरात एकाने बोलायचं थांबवलं की तिथे काय उरतं? भांड्यांचा आवाज उरतो, आणि ताईला तोही ऐकू येत नव्हता.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एकदा भर गर्दीच्या वेळी भावजी पेन ड्राइव्ह घेऊन आले. कंपनीने फोनचा फोटो पाठवला होता, तो त्यांना रंगीत छापून हवा होता, आणि अगदी खऱ्या मापाचा. मी छापून दिला. त्यांनी माझ्याच कात्रीने तो कापला, पिशवीतून आणलेल्या पुठ्ठ्यावर चिकटवला, कडा नखाने घोटल्या आणि शर्टाच्या खिशात घालून बघितला. अर्धा बाहेरच राहिला.

"खिसे उसवावे लागणार," ते म्हणाले. किती आनंद झाला होता माणसाला!

गिऱ्हाइकं बघत होती. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्यांनी खरोखरच आपल्या सगळ्या शर्टांचे खिसे उसवून मोठे लावले. कंपनीने माप वाढवलं, तसे पुन्हा उसवले. खिशात तो पुठ्ठा घालून ते रस्त्याने हिंडायचे, मधूनच त्याच्यावरून हात फिरवायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मास्तरांकडे काय झकास फोन आहे!

आणि मग व्हायचं तेच झालं. पुठ्ठ्याच्या फोनच्या मापावर भावजींनी खिशाचा एक फर्मा बनवला होता, आणि तो कारखान्यातल्या बाकीच्या फर्म्यांबरोबर खिळ्याला अडकवून ठेवला होता. एका सकाळी मेल आला, की पुढच्या महिन्यात नक्की. त्या आनंदात मास्तरांनी पहारेकऱ्यांच्या शर्टांचं कापड अंथरलं, खिळ्यावरून हाताला लागला तो फर्मा घेतला आणि मशीन फिरवलं. सगळा माल शिवून तयार झाला तेव्हा मालक बघायला आले. एकेक खिसा पोटावर उतरलेला.

"मास्तर," मालक म्हणाले, "हे लोक राखण करणार आहेत की टपाल वाटणार आहेत?"

दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी घरी गेला असता. मास्तरांच्या इतक्या वर्षांच्या कामाकडे बघून मालकांनी विषय संपवला. फोन मात्र त्या पुढच्या महिन्यातही आला नाही.

वाट बघणाऱ्यांचा एक ग्रुप होता. कुणी चिडून दोन शब्द लिहिले की भावजी त्याची समजूत घालायचे. कंपनीच्या हे लक्षात आलं. फुकटचा वकील कुणाला नको असतो? त्यांनी भावजींना 'ज्येष्ठ सहप्रवासी' अशी पदवी बहाल केली. झालं! घरात 'हं'च्या पुढे न जाणारा हा माणूस, जुना खरचटलेला फोन तोंडाशी धरून, कुठल्या कोण परक्यांना निरोप बोलून पाठवायला लागला. "दादा, धीर सोडू नका. काकू, मी आहे ना, काळजी कसली?" इतका गोड आवाज त्यांच्याकडे आहे हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या ताईला तर अजिबात ठाऊक नव्हतं.

एका दुपारी ताई माझ्या दुकानातून घरी जाताना कोपऱ्यावर मागून टेम्पो आला. हॉर्न वाजवून वाजवून ड्रायव्हरने शेवटी गाडी घासत उभी केली आणि खाली उतरून तिला नाही नाही ते बोलला. ती त्याच्या तोंडाकडे बघत हसली. बहुतेक तो वाट विचारतोय असं तिला वाटलं असावं. मी दुकानातून पळत गेले. त्याच आठवड्यात मी तिला डॉक्टरांकडे नेलं, आणि भावजींना एका शब्दाने न विचारता तिला यंत्र घेतलं. कानामागे बसणारं, कातडीच्या रंगाचं, आत जाणारी बारीक तार. सुरुवातीला तिला सगळा गोंगाटच वाटायचा. महिनाभर तिने नेटाने लावलं आणि हळूहळू शब्द परत आले.

"भावजींना मी सांगते. चांगली खरडपट्टी काढते," यंत्र घेतलं त्याच दिवशी मी म्हटलं होतं.

"नाही सांगायचं," ताई म्हणाली. "त्यांचं त्यांना दिसू दे."

"संध्याकाळपर्यंत दिसेल. सुताभर चुकलेली कॉलर दिसते त्यांना."

"मग झालं तर."

त्या संध्याकाळी ताईने केस मुद्दाम वर बांधले. कान उघडे. भावजी आले, जेवले, ग्रुपवर दोघांची समजूत घातली आणि झोपले. दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, आठवडाभरात कळेल. मग वाटलं, महिन्याभरात. ताई पाठमोरी असताना त्यांच्या बोलण्याला उत्तर द्यायला लागली, तेव्हा भावजी मला कौतुकाने सांगतात, "तिला आता सवयीनेच कळतं बघ, मला काय हवं ते." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताई केस वर बांधत राहिली. रोज. या हट्टाला मी हसायचे, पण मला कळत होतं की ती कशाची वाट बघतेय. आता त्या घरात दोघंही वाट बघत होते, आणि ताईची वस्तू तर हाताच्या अंतरावर होती.

एकदा मी तिथेच असताना भावजी ग्रुपला निरोप बोलत होते. "मित्रांनो, मी हे माझ्या बायकोसाठी करतोय. बिचारी शब्दाला पारखी झालीय. तिच्याशी दोन शब्द बोलायला माझा जीव तुटतो." ताई त्यांच्या शेजारीच बसली होती. तिने बटणाला शेवटचा टाका घातला, दोरा दातांनी तोडला आणि पुढचा शर्ट घेतला. मला त्या क्षणी भावजींच्या डोक्यात तो पुठ्ठा हाणावासा वाटला.

असं वर्ष गेलं, आणि मग खरंच फोन आला. सुट्टीच्या दिवशी, ऐन दुपारी, एका साध्या खोक्यात. मी जेवायला तिकडेच होते. भावजींनी हात धुतले, धुतलेला शर्ट घातला, टेबल रिकामं केलं. खोकं उघडून त्यांनी फोन आधी खिशात घातला. शेवटच्या घडीला कंपनीने माप कमी केलं होतं, त्यामुळे तो खिशाच्या तळाशी जाऊन बसला आणि खिसा एका बाजूला लोंबायला लागला. भावजींना त्याचंही काही वाटलं नाही. त्यांनी फोन काढून दोघांच्या मधे टेबलावर ठेवला, घसा खाकरला आणि पडद्याकडे बघत बोलले.

"तुला कसं वाटतंय?"

पडद्यावर एक गोल चकती फिरायला लागली.

"बरं वाटतंय," ताई म्हणाली. "तुम्ही आधी जेवून तर घ्या."

चकती फिरतच होती. थोड्या वेळाने अक्षरं उमटली: तुला कसं वाटतंय.

"चाललं! बघितलंस?" भावजी ओरडले. "चाललं की नाही?" त्यांचे डोळे भरून आले होते. हा सगळा आनंद ते त्या काचेला सांगत होते. माझ्या ओठांवर शब्द आले होते, पण ताईने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मी ते गिळले.

भावजी अक्षरं आणखी मोठी करण्यात गुंग झाले. ताईने फोन किंचित आपल्याकडे ओढला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली.

"माझ्या कानात वर्षभर यंत्र आहे. मला सगळं ऐकू येतं."

चकती फिरली. फोनने वाक्यं जशीच्या तशी लिहिली, एक अक्षर न चुकता. भावजींनी ती वाचली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय म्हणालीस तू? परत म्हण. यात भलतंच उमटलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुरुवातीला अशा चुका व्हायच्याच. कळवतो मी त्यांना."

ताईने परत म्हटलं नाही. तिने कानामागे हात नेला, यंत्र काढलं आणि त्या झळझळीत पडद्यावर ठेवलं.

भावजींनी ते उचललं, उलटसुलट करून बघितलं. "हे यातलंच का?" म्हणून रिकाम्या खोक्यात वाकून बघितलं. खोक्यात तसल्या वस्तूला जागा नव्हती. मग त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदा ताईच्या कानाकडे बघितलं. वर्षभर यंत्र बसून बसून कानामागच्या कातडीवर एक बारीक खाच पडली आहे. सुताभरच असेल. त्यांना ती दिसली. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, यंत्र धरलेला हात टेबलावर आला.

"कधीपासून?" ते म्हणाले, अगदी हळू.

ताईला आता काही ऐकू येत नव्हतं. चकती फिरली आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं: कधीपासून?

इतक्या वर्षांनी फोनने आपलं काम चोख केलं होतं. ताईने ते वाचलं. मग फोन उचलून त्यांच्या त्या लोंबत्या खिशात घातला, आणि बटणं लावायचे शर्ट पुढे ओढून घेतले. यंत्र टेबलावरच राहिलं.