थांब्याचा कागद

मी त्या बायकांशी खोटं बोललो नव्हतो. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता त्याचा मलाच कंटाळा आला आहे. मी कागद वाचून दाखवला होता, अक्षर न् अक्षर. त्यांनी तो ऐकला आणि मग अंगठे दिले. त्यात कुठे खोटं सापडत नाही, म्हणून तर हे सांगायला मला एवढी वर्षं लागली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही लालबागची खोली सोडून कोपरखैरण्याला जागा घेतली. इमारतीच्या मागे बोनकोडे गाव होतं, पुढे रुंद, नवे, जवळजवळ रिकामे रस्ते. जागा घेताना आम्हाला जो नकाशा दाखवला त्यावर एक लाल ठिपका होता: नियोजित रेल्वे स्थानक. त्या ठिपक्याच्या जिवावर मी सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं, "दारातून निघालं की पाच मिनिटांत स्टेशन." प्रत्यक्षात वाशीपर्यंत बस होती आणि ती कधी येईल ते तिच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नसावं. सासूबाई भेटल्या की विचारायच्या, "काय जावईबापू, आलं का तुमचं स्टेशन?"

"येतंय, येतंय."

"माझ्या बाराव्याला तरी येईल ना? नाहीतर लोकांची गैरसोय व्हायची."

सगळे हसायचे. मीही हसायचो आणि घरी येऊन बायकोवर चिडायचो.

अशात एके दिवशी नियोजन खात्याचा एक तरुण अधिकारी आमच्या सेक्टरमध्ये आला. रविवारी सकाळी शाळेच्या एका वर्गात सभा भरली. आम्ही मोठी माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. त्याने फळ्यावर नकाशा लावला आणि म्हणाला, दोन गोष्टी विचाराधीन आहेत, रहिवाशांचं मत हवं आहे. एक म्हणजे मोठ्या रस्त्याचा एक पट्टा फक्त बसगाड्यांसाठी राखून ठेवायचा. त्या पट्ट्यात दुसरं कुठलंही वाहन शिरणार नाही, त्यामुळे गाड्या धडाधड जातील. जागोजागी उंच ओट्याचे थांबे होतील, त्यांतला एक बोनकोड्याच्या तोंडाशी. हे काम वर्षभरात होऊ शकेल. दुसरी गोष्ट म्हणजे बसच्या पट्ट्याच्या भानगडीत न पडता सगळा जोर रेल्वेवर लावायचा. तिला किती वर्षं लागतील ते मात्र आज सांगता येणार नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "भुयारी रेल्वे का करत नाही? परदेशात असते तशी?"

"खाजणातला भराव हाय हा," आमच्या तळमजल्यावरचे शेजारी म्हणाले. "खाली खणलं तर चिंबोऱ्या निगतील. मग तिकिटंबी त्याच फाडतील, नांग्यांनी."

हे शेजारी साताऱ्याकडचे. वाशीच्या मार्केटात कांद्याबटाट्याच्या गोणी वाहणाऱ्या माथाडी टोळीचे ते मुकादम होते, म्हणून सगळी इमारत त्यांना मुकादमच म्हणायची. त्यांनी बसची बाजू घेतली. साधं बोलले. म्हणाले, रेल्वे नको असं कोण म्हणतंय? येईल तेव्हा डोक्यावर घेऊ. पण तोवर माणसांनी काय उडत जायचं?

माझा मुद्दा वेगळा होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. एकदा बस दिली की सरकार म्हणणार, तुमची सोय झाली, आता रेल्वे कशाला? ही भीती मला खरोखर वाटत होती. एवढंच बोलून मी खाली बसलो असतो तर आज हे लिहावं लागलं नसतं. पण शाळेत असताना मला वक्तृत्वाची ढाल मिळाली होती आणि त्यानंतर कुणी माझं बोलणं ऐकून घेतलं नव्हतं. मी उभा राहिलो.

"बस म्हणजे काय हो?" मी विचारलं. "थांबा, थांबा आणि पुन्हा थांबा! जन्मभर आपल्याला सगळ्यांनी हेच सांगितलं. रॉकेलच्या रांगेत थांबा, नळाला पाणी येईपर्यंत थांबा. आता म्हणे हजारो रुपये घालून थांबेच बांधून देतो!"

लोकांनी बाक वाजवले. अधिकारीसुद्धा हसला. मला अजून आठवतं, माझे कान गरम झाले होते.

हसणं ओसरल्यावर मुकादम उठून उभे राहिले. मग म्हणाले, "टाळी झकास घेतलीत, सायेब. पण त्या थांब्यावर उभं कोन ऱ्हानार? तुमी-आमी न्हाय, गावातल्या बाया. त्यांना इचारा की."

अधिकाऱ्याला हे पटलं. तो म्हणाला, "बरोबर आहे. थांबा गावाच्या तोंडाशी आहे. गावाला हवा असेल तर बसचा पट्टा मी पुढे पाठवतो, नको असेल तर नाही. पुढच्या रविवारी लेखी आणून द्या."

गावातली एक बाई मला चांगली ठाऊक होती. तिला सगळे मावशी म्हणत. ती खाडीची मासळी विकायची. पहाटे पाटी भरून ती मोठ्या रस्त्यावरच्या लांबच्या थांब्यापर्यंत चालत जायची आणि वाशीची बस पकडून तिथल्या बाजारात बसायची. त्या बाजारातली तिची जागा म्हणजे भिंतीलगतची दोन हात फरशी. तिची सासू तिथे बसत असे, सासूनंतर ती. तिथला रिवाज असा की जागा बसून राखायची. चार दिवस उशीर झाला आणि दुसरी कुणी येऊन बसली, की ती जागा तिची. माझ्या जागेचा करारनामा कपाटात होता. तिच्या जागेला कागद नव्हता, रोज वेळेवर जाणं हाच तिचा कागद.

आणि वेळेवर जाणं तिला कठीण होत चाललं होतं. गुडघा धरला होता. गावाजवळ थांबा नसल्यामुळे तिथे बस थांबत नसे आणि पाटी घेऊन त्या लांबच्या थांब्यापर्यंत चालायला तिला दुप्पट वेळ लागे. हे मला माहीत होतं. उरलेली मासळी विकायला ती आमच्या दारी यायची तेव्हा बायकोला हेच सांगत असायची. "काय सांगू गो ताय, हात दाखवून दाखवून खांदा दुखला. मेला डायवर बगून हसतंय न् पुढं जातंय. बोलतो, थांबा नाय तं थांबू कसा?"

गावाचं मत लिहून आणायचं काम मी सभेतच मागून घेतलं होतं; दोन दिवसांनी निवेदन लिहून काढलं. ऑफिसातून स्टॅम्पपॅड आणलं आणि संध्याकाळी मावशीच्या ओटीवर गेलो. ती कोळंबी सोलत होती.

"कसला कागद, दादा?"

"थांब्याचा," मी म्हणालो.

हा शब्द मी आधी ठरवून ठेवला होता की तो त्या क्षणी तोंडातून निसटला, हे मी कितीदा आठवून पाहिलं आहे. मला वाटतं ठरवला होता. जिना उतरतानाच ठरवला होता.

"वाचून दाखव ना."

मी वाचलं. 'उपरोक्त विषयान्वये सविनय निवेदन की, सदर मार्गावरील नियोजित थांब्यांचा प्रस्ताव स्थगित ठेवण्यात येऊन रेल्वे स्थानकाचे काम अग्रक्रमाने हाती घेण्यात यावे.' माझा आवाज खणखणीत होता. एका दमात वाचलं.

ती हसली. "त्यातला थांबा तेवरा कलला मना. बस झाला. आन इकरं."

तिने पदराला हात पुसला आणि अंगठा दिला. मग उठली, गुडघ्यावर हात टेकत. माझ्या आधी ती घरोघर गेली. "चला गो, बाहेर या. थांब्याचा कागद हाय. दादा आपल्यासाठी फिरतंय!" आठ-दहा बायका आल्या. एकीच्या अंगठ्याला मीठ होतं, ठसा नीट उठेना, तर मावशीने स्वतः तिचा अंगठा धरून दाबला. निघताना एकजण म्हणाली, "दादा, ओट्यावर पत्रा पन टाकाया सांग हां. ऊन लागतंय." मी मान हलवली.

घरी बायकोने विचारलं, "मावशींना कळलं का पण?"

"वाचून दाखवलं."

"वाचून दाखवलंत हो. समजावून सांगितलंत का?"

मी म्हणालो, जेवायला वाढ.

पुढच्या रविवारी अधिकाऱ्याने कागद पाहिला आणि म्हणाला, "गावानेच नको म्हटलंय, मग प्रश्नच मिटला." सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मुकादमांनी कागद मागून घेतला. ते सावकाश वाचत. पूर्ण वाचून झाल्यावर त्यांनी तो नाकाशी नेला.

"म्हावऱ्याचा वास येतोय ह्याला," ते म्हणाले. बाहेर पडताना माझ्या बाजूने चालू लागले. "शब्द लई गोड हायेत तुमचे, सायेब. पर गोणीत काय भरलंय ते उचलनाऱ्याला कळतं. आज ना उद्या."

"तुम्ही सांगणार का त्यांना?" मी विचारलं.

"मी कशापायी? मी सांगितलं तर भांडान हुईल. तुमी सांगा." आणि ते पुढे निघून गेले. त्या विषयावर ते माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. जिन्यात भेटले की "काय सायेब, बरं हाय ना?" म्हणायचे, आणि मला ते रोज विचारल्यासारखं वाटायचं.

बसचा पट्टा झाला नाही. रेल्वेही पुढे कित्येक वर्षं आली नाही. लाल ठिपका नकाशावर होता तिथेच राहिला.

सभेनंतरच्या दुसऱ्या वर्षी मावशीची वाशीतली जागा गेली. गुडघा सुजला म्हणून ती आठवडाभर घरी राहिली आणि परत गेली तर भिंतीलगत दुसरी बाई बसलेली. भांडण झालं, पण रिवाज तिच्या बाजूने नव्हता. मग ती आमच्याच इमारतीच्या फाटकापाशी पाटी घेऊन बसू लागली. वाशीच्या बाजाराच्या मानाने तिथे गिऱ्हाईक ते किती.

फाटकातून मला रोज जावं लागे. आणि इथून पुढचं सांगणं मला सगळ्यात जड जातं.

ती माझ्यावर रागावली नव्हती. तिची समजूत अशी होती की मी त्यांच्यासाठी थांबा मागितला आणि सरकारने दिला नाही. नव्या गिऱ्हाइकांना ती मला दाखवायची. "हा दादा आमच्यासाठी भांडला. थांब्याचा कागद केलता याने. नाय झाला, त्याला हा काय करील?" मासळीचा वाटा पिशवीत टाकला की वर मूठभर कोळंबी घालायची. बायको नको म्हणाली तर म्हणायची, "र्‍हाऊ दे गो. दादाचा हाय तो."

ती कोळंबी मी खाल्ली. दोन वर्षं खाल्ली. पहिल्यांदा घास गिळवेना, असं लिहिलं तर बरं दिसेल, पण ते खरं नाही. कालवण चांगलं झालेलं असायचं आणि मी पुन्हा मागून घ्यायचो. लाज वाटायची ती जेवून हात धुताना.

एका श्रावणाच्या आधी, लोक महिनाभर मासे सोडणार म्हणून फाटकापाशी जरा गर्दी होती. ती पांगल्यावर मावशी पाय लांब करून गुडघा चोळत बसली होती. मी पिशवी पुढे केली. तिने वाटा टाकला, वर मूठ भरली आणि म्हणाली, "दादा, आता नवीन सायब आलाय बोलतान. आपुन परत थांब्याचा कागद करू? मी सगल्यांना घेऊन येते. आता तं पंधरा-वीस बाया येतील."

मी तिथेच रस्त्यावर उकिडवा बसलो. निवेदनाची एक प्रत माझ्या ऑफिसच्या बॅगेत असायची. का ठेवली होती ते माहीत नाही. ती काढली.

"मावशी, तो कागद थांबा मागायचा नव्हता."

"मंग?"

मी वाचून दाखवलं. या वेळी एका दमात नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "परत वाच. हलू वाच."

मी परत वाचलं.

"स्थगित म्हंजे काय?"

"म्हणजे… थांबवून ठेवणे."

"काय थांबवाचा?"

"थांबा."

ती माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, आता ओरडेल. गावातल्या बायकांना हाका मारेल, निदान एक शिवी तरी हासडेल. मी त्याची वाटही पाहत होतो.

"आन माझा अंगठा त्याच्यावं," ती म्हणाली. "न् त्या सगल्यांना मीच बोलावला." मग गावाच्या दिशेने पाहत म्हणाली, "त्यांना आता मना सांगावा लागंल."

"मी येतो. मी सांगतो."

"नको. तू वाचून दाखवशील."

तिने माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली, तोंड उघडलं आणि वरची मूठभर कोळंबी उचलून परत पाटीत टाकली. उरलेला वाटा नीट हलवून पाहिला, जरा कमी वाटला म्हणून एक लहान मासा त्यात घातला आणि पिशवी मला दिली.

"घे, सायब," ती म्हणाली. "तुझा वाटा बराबर हाय."

तोवर ती मला दादा म्हणत असे.