तांबडीचं दुसरं वेत

आमच्या आत्याचं वय गेली कित्येक वर्षं पन्नाशीच्या अलीकडेच घुटमळतंय. त्याबद्दल घरात कुणी ब्र काढत नाही. पण गोठ्यातल्या तांबडीलाही तिने हीच सवलत देऊन टाकली, हे जरा जास्तच झालं. तांबडी दर वर्षी व्यायची आणि दर वर्षी आत्याच्या हिशेबी ते दुसरंच वेत असायचं. "मागचं काय धरायचं, तेव्हा दूधच कुठे होतं?" असलं काहीतरी ती इतक्या ठामपणे सांगायची की ऐकणारा स्वतःवरच संशय घ्यायचा.

याला कारण आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. चार वेतं झाली की गाय विकायची, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम. आतोबा दिवसभर सायकल दुरुस्तीच्या दुकानात. गोठा आत्याचा, आणि तांबडी तर तिच्या काळजाचा तुकडा. तिला विकायचं नाही म्हणून भांडण्यापेक्षा तिला तरुण ठेवणं आत्याला सोपं वाटलं.

यंदा तांबडीचे दिवस भरत आले तेव्हा गुरांची डॉक्टरीण तपासायला आली.

"कितवं वेत, काकू?"

आतोबा शेजारीच उभे होते. "दुसरं," आत्या म्हणाली.

"मग फारशी काळजी नाही. जास्त वेतं झालेल्या गाईला व्याल्याबरोबर तोंडातून कॅल्शियमची जेल द्यावी लागते. दूध उतरलं की अंगातलं कॅल्शियम त्यात जातं आणि जनावर बसतं ते उठत नाही."

आत्याने अशी मान डोलावली, जणू हे शेजाऱ्यांच्या गाईबद्दल चाललं होतं. नंतर गुपचूप जेल आणायचं तिच्या मनात आलं होतं. पण आतोबा विचारणार, कशाला? म्हणून राहिलंच.

तांबडी सुखरूप व्याली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र बसली ती बसलीच. मान वळवून कुशीला लावलेली, कान गार पडलेले. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. आतोबा दुकान टाकून डॉक्टरीणबाईंना घेऊन आले.

बाईंनी तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "लक्षणं कॅल्शियम उतरल्याचीच आहेत. पण दुसऱ्या वेताला असं सहसा होत नाही. दुसरंच काही असेल तर ते शोधायला हवं, आणि हिच्याकडे तेवढा वेळ नाही. काकू, नक्की दुसरंच ना?"

आत्याने तांबडीकडे पाहिलं. मग आतोबांकडे.

"सहावं," ती म्हणाली.

बाईंनी कॅल्शियमची बाटली काढली. मानेच्या शिरेतून औषध सुरू झालं, हृदयाचे ठोके ऐकत, अगदी सावकाश.

"जरा भराभर सोडा की!" आत्या कळवळली.

"भराभर सोडलं तर हृदयच थांबेल तिचं."

बाटली आतोबांनी उंच धरली होती. हात भरून आला तरी त्यांनी तो खाली घेतला नाही. हळूहळू तांबडीचं अंग थरथरलं, तिने ढेकर दिली आणि काही वेळाने ती धडपडत उभी राहिली. बाई निघून गेल्या तरी आत्याला रडू आवरेना.

"आता विकणार ना हिला?" तिने रडत रडतच विचारलं.

"विकायची असती तर चौथ्यालाच विकली असती," आतोबा म्हणाले. "वेतं मलाही मोजता येतात."

आत्याचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले. "माहीत होतं? मग त्या दिवशी बाईंसमोर तोंड का नाही उघडलंत? मेली असती ना ती!"

आतोबांनी रिकामी बाटली खाली ठेवली.

"परक्या माणसासमोर तू खोटी पडली असतीस," ते म्हणाले.