काचेच्या पेटीतलं जुनं पाणी

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं, की घरात भरलेलं पाणी ओतून देतात. मयत दारातून बाहेर पडलं, की हंडे, कळश्या, माठ, बादल्या सगळं रिकामं करायचं, घर धुवायचं आणि मग नवं पाणी भरायचं. मला या रीतीचं कधी काही वाटलं नव्हतं. वारूळवाडीच्या आमच्या घरातून माझे सासरे गेले त्या दिवशी मात्र पुढच्या खोलीतल्या काचेच्या पेटीतही पाणी भरलेलं होतं, आणि त्या पाण्यात त्यांच्या कोळंब्या जिवंत होत्या.

नखाएवढ्या लाल कोळंब्या. खायच्या नव्हेत, बघायच्या. मामा, म्हणजे माझे सासरे, बसच्या डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर एकदा पुण्याला गेले आणि पाण्याच्या पिशवीत थोड्याशा घेऊन आले. गावानं चेष्टा करायची ती केलीच. "काय राव, जवळा कवा भाजायचा?" असं येणारा प्रत्येक पावणा विचारी. सासूबाई तर पेटीजवळ फिरकतही नसत. "लोकं म्हातारपणी देव धरत्यात, आमच्या ह्यांनी झिंगं धरलं," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या.

मी लग्न होऊन आले तेव्हा मामा माझ्याशी थेट बोलत नसत. "तिला म्हणावं, चहा टाक," असा निरोप सासूबाईंवरून वळून माझ्याकडे यायचा. रीतच होती तशी. मला त्याचा राग यायचा, अजूनही आठवलं की येतो. पण एका दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि पेटीपाशी बसलेले मामा एकदम म्हणाले, "इकडं ये. ही बघ." एका मादीच्या पोटाखाली खसखशीएवढी अंडी होती आणि ती आपल्या इवल्या पायांनी त्यांना एकसारखा वारा घालत होती. "पिल्लं भाईर पडंस्तवर अशीच घालती," मामा म्हणाले. "दमत न्हाई." मी तेव्हा पोटुशी होते. त्यांनी बसायचं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः उभे राहिले.

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं, पण पेटीपुरतंच. पालकाचं उकडलेलं पान आत किती वेळ ठेवायचं, शेवाळ किती राहू द्यायचं. कोळंबीनं टाकलेली कात मी एकदा मेलेली कोळंबी समजून उचलायला गेले, तेव्हा ते खो खो हसले होते. द्राक्षांवर मोरचूद फवारून आलेल्या माझ्या नवऱ्याला ते पेटीला बोट लावू देत नसत. हाताला राहिलेल्या तेवढ्या मोरचुदानंही त्या मरतात. आणि पाण्याच्या बाबतीत तर फारच कडक. "पाणी जुनं पायजे. एकदम ताजं घातलं की खलास." ते पेटीतलं थोडंसंच पाणी काढायचे आणि बादलीत शिळं केलेलं पाणी सलाईनच्या नळीतून थेंबथेंब आत सोडायचे.

मामा गेले त्या दिवशी पुरुष मंडळी त्यांना घेऊन नदीकडे गेली आणि मागं बायकांनी घर धुवायला काढलं. मामांची थोरली बहीण, महाळुंगे पडवळच्या मोठ्या आत्या, सगळ्यांच्या पुढे होत्या. हंडे ओतले, माठ ओतला, गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडून दिला. मग बादली घेऊन त्या पेटीपाशी आल्या.

"ह्ये बी वता."

"ते नाही ओतायचं," मी म्हणाले. "आत जीव आहेत."

"मग जीव येगळं काढ आन पाणी वत."

"नव्या पाण्यात मरतील त्या, आत्या."

"माझा भाऊ गेला, आन तू मला झिंग्याचं सांगती?"

त्या रडत होत्या, आणि त्यांचं काही खोटं नव्हतं. मला भीती वाटत होती, संतापही आला होता. पण मी पेटीसमोरून हलले नाही. त्या घरात मामा माझ्याशी बोलले ते याच जागी, ती मोरीत ओतून द्यायची माझी तयारी नव्हती.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "कुकू पुसलं, बांगड्या काढल्या. मी काय बोलले का? ह्ये पाणी त्यांच्या हातचं हाये. त्येवढं ऱ्हाऊ द्या."

आत्यांनी बादली खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

आता पेटीचं मी बघते. मामांच्या वेळच्या कोळंब्या केव्हाच संपल्या. जगून जगून त्या वर्ष-दीड वर्ष जगतात. आत आहेत ती त्यांची नातवंडं-पतवंडं. पाणीही दर आठवड्याला थोडं काढायचं, थोडं घालायचं असतं. मामांच्या हातचं त्यात आता काही उरलं नसणार, हे मला कळतं. सासूबाई दुपारी ते स्टूल ओढून पेटीपाशी बसतात. मी सलाईनची नळी लावायला लागले, की विचारतात, "त्यांचं पाणी हाये ना गं आजून?"

"आहे की, आई," मी म्हणते, आणि थेंब आणखी हळू करते.