गाजरगवताचा दुश्मन

मुखेडात आमच्या गल्लीत सगळे ज्यांना मामा म्हणतात, त्यांचं गाजरगवताशी खानदानी वैर आहे. "परदेशी गव्हातून आलेलं बेनं! हरळी गेली, मारवेल गेलं. आता म्हशीनं काय माझी टोपी खावी?" ही त्यांची रोजची भूपाळी. त्या गवतानं मानेवर चट्टे उठलेत, त्यामुळे शिव्या देणं आणि मान खाजवणं एकाच तालात चालतं.

सकाळी पांढऱ्या फुलांनी लगडलेलं गवत ते मुळासकट उपटतात, लुनाच्या मागं भारा बांधतात आणि गावाबाहेरच्या ओढ्यात फेकतात. ओढा पुढं आमच्या वावरातून जातो.

यंदा मामांच्या दारापासून ओढ्यापर्यंत रस्त्याच्या कडेनं गाजरगवताची पट्टी उगवली. लुना जिथं आदळते, त्या गतिरोधकापाशी तर कमरेएवढी.

शेवटी मी बोललोच, "मामा, फुलं यायच्या आधी उपटत जा. तुमच्या लुनावरून बी सांडून राहिलंय."

मामांनी मान खाजवत पार ओढ्यापर्यंत नजर टाकली. मग छाती फुगवून म्हणाले, "बी कशाचं? मला भिऊन गाव सोडून राहिलंय ते. बघ की, कसं लाईनीत निघालंय!"