जा, जेवून ये, मी हाय

मी इथले अनुभव तीन वर्षं वाचतोय, आणि खरं सांगतो, बहुतेक वेळा हसायलाच वाचतो. पांढऱ्या साडीतली बाई, रस्त्यात लिफ्ट मागणारा म्हातारा... आमच्या जुन्या हायवेवर लिफ्ट मागणारे सगळे चांगले जिवंत असतात आणि उतरताना दार आपटून जातात. मी अमावस्येला सुकट खाणारा माणूस. सत्तावीस वर्षं केमिकल कारखान्यात काढल्यावर भुतापेक्षा गळक्या व्हॉल्व्हची भीती जास्त वाटते.

तरी आज लिहायला बसलोय. जे झालं ते दिवसाउजेडी झालं, हॉस्पिटलात झालं आणि माझ्या बायकोबाबत झालं. तुम्ही वाचून हसलात तर माझी तक्रार नाही. मीही हसलोच असतो.

आम्ही लोधिवलीजवळ राहतो. माझी नोकरी मोहोपाड्याच्या बाजूला. बायको सुनंदा, वय सेहेचाळीस. लहानपणी तिला सांध्यांचा ताप येऊन गेला होता, त्याने हृदयाचा एक व्हॉल्व्ह खराब झाला. हे कळलं गेल्या वर्षी, भात झोडताना तिला धाप लागली तेव्हा. डॉक्टरांनी चित्र काढून समजवायला घेतलं. मी म्हटलं, साहेब, व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, माल मागे येतोय, बदलावा लागेल, असंच ना? ते म्हणाले, असंच. मग म्हणाले, फक्त इथे बंद केलेला प्लांट पुन्हा चालू करणं अवघड असतं. तेव्हा माझी हुशारी संपली.

आता कारखान्यातली एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे मोठ्या बंद टाक्या असतात. त्या साफ करायला माणूस वरच्या भोकातून आत उतरतो. आत वायू साचलेला असला तर माणूस ओरडायच्या आधीच कोसळतो. म्हणून भोकापाशी दुसरा माणूस उभा करतात. त्याला आम्ही स्टँडबाय म्हणतो. तो दर दोन-चार मिनिटांनी टाकीवर पान्याने दोन ठोके मारतो, आतला एक ठोका परत देतो. उत्तर आलं नाही की त्याच्या कमरेला बांधलेला दोर ओढायचा. आणि पहिला नियम असा, की बदली माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय स्टँडबायने जागा सोडायची नाही. लघवीलासुद्धा नाही.

हे काम मला भोईर काकांनी शिकवलं. काका तीन ठोके मारायचे. दोन जोरात, आणि मग तिसरा अगदी हलका, पाना टेकवल्यासारखा. "दोन ठोकं मशीन पन मारतं रं. तिसरा मानसाचा," असं म्हणायचे. दुपारी एक-दीडला, आपली पाळी नसतानाही, काका भोकापाशी यायचे आणि जो उभा असेल त्याला सांगायचे, "जा, जेवून ये. मी हाय." माझं पोट घड्याळावर चालतं, त्यामुळे हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. काका रिटायर झाले आणि दोन वर्षांनी घरीच वारले. सुनंदाने त्यांना एकदाच पाहिलेलं, आमच्या घरभरणीला, तेही पंगतीत वाढताना.

ऑपरेशनच्या आधीचे चार महिने सुनंदाला अधूनमधून चक्कर यायची. एकदा न्हाणीत पडता पडता वाचली. तेव्हापासून ती आंघोळीला गेली की मी दाराबाहेर उभा राहायचो आणि बोटाने दोन ठोके द्यायचो. ती आतून तांब्या एकदा वाजवायची.

"अवो, नका वाजवू. शेजारची काय म्हनतील?"

"म्हनतील, नवरा कामाला लागला."

ठोक्यांची पद्धत तिला माहीत होती ती अशी. पण तिसऱ्या ठोक्याचं किंवा काकांच्या वाक्याचं मी घरी कधी बोललो होतो का? खूप आठवून बघितलं. बोलल्याचं आठवत नाही. नव्हतो बोललो, असं छातीठोक मात्र सांगत नाही.

ऑपरेशन सकाळी साडेआठला सुरू होणार होतं. हॉस्पिटल मुंबईकडचं, नाव लिहीत नाही, माणसं चांगली होती. तिला स्ट्रेचरवरून नेताना तिने माझं मनगट धरलं.

"तुमी बाहेर हाय ना?"

"हाय."

"कुठं जाव नका."

"नाय जात."

"जेवायला पन?"

"जेवायला पन नाय."

"बघू," म्हणाली आणि हसली. मला ओळखून होती.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर एक कॉरिडॉर, त्याच्या अलीकडे काचेचं दार, आणि मग वेटिंग हॉल. मी दाराजवळच्या स्टीलच्या बाकावर बसलो. पहिला तास कसाबसा गेला. मग हात आपोआप बाकाच्या दांड्यावर गेला. ठक ठक. थोड्या वेळाने पुन्हा. हातातल्या अंगठीमुळे आवाज बऱ्यापैकी यायचा. माझा मेहुणा शेजारी बसला होता.

"दाजी, हितं पन ड्युटी का?"

"असूदे," म्हटलं. उत्तर येणार नाही हे मला कळत होतं. पण हात थांबवला नाही.

एकच्या सुमारास मेहुणा खाली चहाला गेला. तेवढ्यात दार उघडून सिस्टर आल्या आणि सुनंदाचं नाव घेतलं. आणखी दोन पिशव्या रक्त लागेल, हा फॉर्म रक्तपेढीत नेऊन द्या, लगेच. रक्तपेढी शेजारच्या इमारतीत. मेहुण्याला फोन लावला, तो उचलेना. मी फॉर्म घेऊन पळालो.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर लक्षात आलं की मी जागा सोडली. बदली माणूस न देता. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही नेमकं आज. तुम्हाला हे वेडेपणाचं वाटेल. रक्त आणणं जास्त गरजेचं होतं हे मलाही कळतं. पण मला तिथे जिन्यातच रडू आलं, आणि मी रडतच खाली उतरलो. रक्तपेढीत रांग होती. एकूण चाळीस-पंचेचाळीस मिनिटं गेली. परत आलो तर बाक रिकामा. मी बसलो आणि पुन्हा ठोके सुरू केले.

साडेतीनला डॉक्टर बाहेर आले. काम नीट झालं म्हणाले. मग सांगितलं की नवा व्हॉल्व्ह शिवून झाल्यावर हृदय पुन्हा चालू करताना जरा त्रास झाला. उचलत नव्हतं. वीस-पंचवीस मिनिटांनी उचललं. मी विचारलं, किती वाजता? त्यांना प्रश्न विचित्र वाटला असणार. दीडच्या आसपास, म्हणाले.

म्हणजे मी नसताना. हे मी कोणालाच सांगितलं नाही. सुनंदाला तर नाहीच.

चार दिवसांनी तिला वॉर्डात आणलं. छातीवर मधोमध टाके, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, आणि ती तीन गोळ्यांची प्लास्टिकची डबी... श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. दोन दिवस तिची एकच गोळी उचलली जात होती. तिसऱ्या दिवशी दुपारी मी डबी तिच्या तोंडापाशी धरली, तर ती बाजूला सारून म्हणाली, "तुमी मधी जेवायला गेल्ता ना?"

"नाय."

"खोटं नका बोलू. मी ऐकलं."

"काय ऐकलं?"

"ठोकं. तुमचं दोन, मग माझा एक. मी कुठं हाय तेच कळत नव्हतं, नुसता काळोख. पन ठोकं यायचं, म्हनून बरं वाटायचं. मग एक मानूस बोलला, जा, जेवून ये, मी हाय. म्हनलं, ह्यांच्या वळखीचा कोन असल. मग त्याचं ठोकं चालू झालं."

"त्याचं म्हंजे?"

तिने पलंगाच्या दांड्यावर बोट वाजवलं. दोन जोरात. मग एक हलका.

मी डबी खाली ठेवली. ती आपल्याच नादात सांगत होती.

"माझा हात लई जड झालेला. म्हनलं आता नाय देत. झोपते. पन तो मानूस थांबंचना. दोन आनि एक, दोन आनि एक. शेवटी वैताग आला. म्हनलं, घे बाबा, देते. मग दिला एक."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. फॉर्म, रक्तपेढी, दीडची वेळ. भोईर काकांचं नाव ऐकून तिने उशी छातीशी ओढली. मग म्हणाली, "जेवला तर नव्हताच म्हंजे. आधी जावा, जेवून या."

मी सवयीने कारणं शोधायला लागलो. भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, गुंगीत कधी कधी आवाज कानावर पडतो, पेशंट सांगतात. पण वेटिंगमधला ठोका? मध्ये दोन दारं आणि कॉरिडॉर आहे. आणि बोट हलवणं शक्यच नाही, स्नायू ढिले करायचं औषध दिलेलं असतं. स्वप्न असेल, म्हणाल्या. असेल.

मग वेटिंग हॉलमध्ये माझ्यासमोर बसणाऱ्या खोपोलीच्या बाई वॉर्डात भेटल्या, त्यांच्या मालकांचंही त्याच दिवशी ऑपरेशन होतं. त्या दिवसभर डोळे मिटून जप करत होत्या. मी विचारलं, दुपारी मधे माझं वाजवणं बंद पडलं होतं, आठवतं का?

"कुठं बंद पडलं?" त्या म्हणाल्या. "एकसारखं चालूच होतं. मी मनात म्हनत होते, ह्या भावाला सांगावं जरा हळू वाजव. मग वाटलं जाऊदे, ज्याची त्याची काळजी."

बाकावर कोण होतं ते त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे मिटलेले होते. मेहुणा तोपर्यंत वर आलाच नव्हता, तो खाली जेवायला बसला होता. त्याने शपथ घेऊन सांगितलं, आणि जेवणाबाबत तो खोटं बोलत नाही.

सुनंदा घरी आल्यावर महिन्याभराने मी कर्जतच्या अलीकडे, माथेरानच्या डोंगराखाली काकांचं गाव आहे तिथे गेलो. काकू ओसरीवर मोड आलेले वाल सोलत होत्या. मी जसं घडलं तसं सांगितलं. मला वाटलं त्या रडतील किंवा हात जोडतील. त्यांनी सोलणंसुद्धा थांबवलं नाही.

"दीडला ना?" म्हणाल्या. "तो त्यांचा जेवायचा टाइम. कदी वेळंवर जेवलं नाय तो मानूस. डबा तसाच घरी यायचा. इचारलं की म्हनायचे, पोरांना धाडलं जेवायला." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू जेवलास का रं?"

मी तिथे बिरडं-भात जेवलो. जेवताना एक गोष्ट मनात आली. काकांनी मला इतक्या वेळा सोडवलं, मी त्यांना एकदा तरी जाऊन म्हटलं का, काका, तुम्ही जा, मी आहे? एकदाही नाही. त्यांच्याबरोबर काढलेल्या वर्षांतला एकही दिवस आठवला नाही.

आता ऑपरेशनला आठ महिने झाले. रोज संध्याकाळी ठरल्या वेळेला रक्त पातळ ठेवायची गोळी, दर महिन्याला रक्ताची तपासणी, पालेभाजी मोजकीच, हंडा उचलायचा नाही. नवा व्हॉल्व्ह धातूचा आहे. घर शांत असलं की तिच्या छातीतून टिक टिक ऐकू येतं. पहिल्यांदा तिला त्याची भीती वाटायची. आता मी पेपर वाचत बसलो की ती म्हणते, ऐका, चालू हाय.

कारखान्यात मी हल्ली दीडला भोकापाशी जातो. डबा दोनला खातो. एवढा बदल मी कबूल करतो. बाकी मी अजून सुकट खातो, अमावस्येलाही. या सगळ्याला कारण विचाराल तर माझ्यापाशी नाही. शोधायचं ते शोधून झालं.

एक राहिलं. घरी आल्यावर दोन महिने तिला मीच आंघोळ घालत होतो. पहिल्यांदा ती एकटी न्हाणीत गेली त्या सकाळी मी दाराबाहेर उभा राहिलो आणि दोन ठोके दिले. आतून उत्तर नाही. माझा हात कडीवर गेला.

"सुनंदा?"

"हाय मी," आतून आवाज आला. "तिसरा मारा की."

मी तिसरा मारला, हलका. आत तांब्या वाजला.