आज कुठल्या देवाचा उपास?

गेल्या बुधवारी कासू गावाला नणंदेकडे जेवायला गेलो होतो, मी आणि माझी सतरा वर्षांची सई. नवा तांदूळ गिरणीतून आला की ताई आम्हाला बोलावतातच.

आम्ही रोह्यात राहतो, सई कॉलेजला पेणला जाते. गेलं वर्षभर ती सोमवार धरायची, मग गुरुवार, मग शनिवार, शिवाय संकष्टी... आजकालच्या मुली कुठे एवढं करतात, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचे.

त्या दिवशीही ताट वाढल्यावर म्हणाली, "आत्या, माझा उपवास आहे."

ताईंनी भाताचं पातेलं खाली ठेवलं. "आज तर बुधवार हाय. आज कुठल्या देवाचा उपास गो?"

सईच्या आधी मीच घाईघाईने म्हटलं, असेल काहीतरी... पण काय असेल ते मलाच सुचेना. ताई खिचडी टाकायला उठल्या, तर तीही नको. मग त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं. "किती सुकलीस गो पोरी."

आणि सई हसली... शाबासकी मिळाल्यासारखी.

त्यानंतर मला चैन पडेना. घरी येऊन खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं की चार महिने पाळी आलेली नाही. एका घरात राहून मला पत्ता नाही!

शनिवारी पेणला डॉक्टरांकडे गेलो. वर्गात कोणी वजनावरून चिडवतं का, त्यांनी विचारलं. 'ढोली' म्हणायचे, सई म्हणाली... हे मला नवीनच होतं.

घरात कोणी डाएट करतं का, या प्रश्नाला मात्र तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

वजनकाटा मीच आणला होता. रात्रीचं जेवण मी सोडलेलं, आरशासमोर पोट चिमटीत धरून वैतागणारी मीच. हा न जेवण्याचा आजार एकाच कारणाने होत नाही, वेळ लागेल, दोष देत बसू नका, असं डॉक्टर म्हणाल्या. पण मन थोडंच ऐकतं...

ताईंनी तो एक प्रश्न विचारला नसता तर मी अजून कौतुकच करत बसले असते. त्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही.

काल संध्याकाळी सईला वरणभात वाढला. तिने ताट थोडं मागे सरकवलं, मग हळूच म्हणाली, "तू जेवणार असशील तर जेवते."

मी माझं ताट घेतलं. तिच्यासमोर बसून पोटभर शेवटची कधी जेवले होते, मला आठवेना.