सात नंबरची पुडी

रसायनशाळेतल्या मावशींना अठ्ठावीस वर्षांत कुणी बोट दाखवलं नव्हतं. निवृत्तीला तीन महिने उरले होते आणि एकही डाग न लागता घरी जायचं, एवढीच त्यांची हौस. त्यांचा तोराही तसाच! त्यांनी एकदा बाटलीवर चिठ्ठी डकवली की प्राध्यापकसुद्धा झाकण उघडून बघायचे नाहीत.

परीक्षा संपल्यावर दुपारी त्या नळ्या घासायला बसल्या. उरल्यासुरल्या आम्लावर धुण्याचा सोडा पडला की तो फसफसायचाच. आज मात्र ढिम्म! आणखी चिमूटभर टाकला. छे! त्यांनी शेजारची टाकणखाराची बाटली उघडून आम्लाचा थेंब सोडला, तर ती पूड फसफसून वर आली.

अगं बाई! सोमवारी बहिणीशी फोनवर गप्पा मारता मारता दोन्ही बाटल्या भरल्या होत्या. झाली की अदलाबदल!

टाकणखारात बोरॉन असतं. आम्ल आणि स्पिरिट घालून पेटवलं की ज्योतीची कड हिरवी होते. परीक्षेत ओळखायला द्यायच्या पुड्या मावशींनी याच बाटल्यांतून भरल्या होत्या, आणि सात नंबरच्या पुडीत दरवर्षी टाकणखारच असतो, हे मुलींना तोंडपाठ. त्यामुळे तेवीस जणी 'ज्योत हिरवी, बोरेट' असं लिहून मोकळ्या झाल्या. एकीनेच लिहिलं होतं, 'बुडबुडे आले, ज्योत पिवळी. हे कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा.' सरांनी तिला सगळ्यांदेखत झापलं आणि शून्य दिलं. आता ती जिन्यात बसून रडत होती. नापास म्हणजे अख्खं वर्ष गेलं.

मावशींनी नळ बंद केला. दोन्ही बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या असत्या, तर कुणाच्या बापाला कळणार होतं? हा विचार मनात आला आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. बाटल्या उचलून त्या तडक सरांच्या खोलीत गेल्या.

"सर, चूक माझी आहे. सोडा आणि टाकणखार मी उलटे भरले."

सरांनी सात नंबरची पुडी घेऊन स्वतः करून पाहिलं. ज्योत पिवळी. पुन्हा केलं, तरी पिवळीच.

"अहो, मग तेवीस जणींना हिरवी दिसली कशी?"

मावशींनी दोन्ही बाटल्या त्यांच्यासमोर ठेवल्या.

"अहवालात तुमचं नाव घालावं लागेल," सर हळूच म्हणाले. "तीन महिने तर राहिले होते, मावशी. गप्प बसला असतात, तर कुणालाच कळलं नसतं."

"तिला कळलं होतं ना, सर."

सर उठले आणि त्या मुलीला बोलवायला स्वतःच जिन्याकडे गेले.